दोनदा नॉर्मल आलं, मग तिसरा स्कॅन कशाला?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे. नऊ महिन्यांची असताना तिला पहिली फिट आली. त्या रात्री तातडीनं सीटी स्कॅन केला, नॉर्मल. अकराव्या महिन्यात १.५ टेस्लाचा (टेस्ला म्हणजे यंत्रातल्या चुंबकाच्या ताकदीचं माप) एमआरआय, तोही नॉर्मल. आता दुसरं औषध पूर्ण डोसमध्ये चालू आहे, तरी आठवड्यातून दोन-तीनदा झोपेत डावा हात ताठ होतो, मान डावीकडे वळते आणि मिनिटभरात सगळं थांबतं. ईईजीमध्ये, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, उजव्या बाजूला पुढच्या भागात गडबड दिसते. डॉक्टरांना 'फोकल कॉर्टिकल डिसप्लेजिया'ची, म्हणजे मेंदूच्या सालीची घडण एका जागी बिघडल्याची, शंका आहे. ते म्हणतात, ३ टेस्लावर पुन्हा एमआरआय करू, लागला तर पेट स्कॅन. माझी आई म्हणते, दोनदा नॉर्मल आलंय, पोरीला किती वेळा भूल देणार? मेव्हणा म्हणतो, थेट पेट करा, तोच सगळ्यांत वरचा. मी वाचून वाचून सीटी, एमआरआय, पेट, स्पेक्ट, एमईजी असा तक्ता केला आहे, सोबत जोडतो. यांची एकदा क्रमवारी लावून द्या. आणि पत्नीला पाचवा महिना आहे. होणाऱ्या बाळाच्या सोनोग्राफीत असं काही दिसेल का?

उत्तर:

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. मेहनत घेतली आहे, हे दिसतंच. पण त्यातला 'अचूकता, टक्के' हा रकाना मी पेनानं खोडला, राग मानू नका. टक्के कुठल्या दोषासाठी, कोणत्या वयात आणि फिल्म कोणी वाचली, हे सोबत नसेल तर तो आकडा कुठल्याच कामाचा नाही.

कॉर्टेक्स म्हणजे मेंदूची बाहेरची करडी साल. गर्भात तिच्या पेशी आतून बाहेर प्रवास करत येतात, थरावर थर रचतात, मग वळ्या पडतात. यात कुठेही चूक होऊ शकते. वळ्याच पडल्या नाहीत तर मेंदू गुळगुळीत राहतो, त्याला लिसेनसेफली म्हणतात. हा दोष एवढा ढळढळीत असतो की साध्या सीटीतही दिसतो. बारीक बारीक असंख्य वळ्या पडल्या तर पॉलिमायक्रोजायरिया. जाड काप घेतले की त्या वळ्या एकमेकींत मिसळून नुसती जाड साल दिसते, आणि भलत्याच दोषाचं नाव रिपोर्टात जातं. पेशी वाटेतच अडकून पांढऱ्या भागात गाठीसारख्या बसल्या तर हेटेरोटोपिया. तो एमआरआयवर बहुधा चांगला ओळखू येतो, कारण अडकलेल्या गाठीचा रंग प्रत्येक प्रकारच्या चित्रात करड्या सालीसारखाच राहतो.

आणि मग फोकल डिसप्लेजिया, सगळ्यांत लबाड. एखाद्या खाचेच्या तळाशी नखाएवढ्या जागेत पेशींची रचना बिघडलेली असते, बाकी मेंदू अगदी ठीक. १९७१ साली लंडनमध्ये डेव्हिड टेलर आणि सहकाऱ्यांनी फिट्सच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्यांवरून, दहा रुग्णांच्या आधारे, याचं वर्णन केलं. सूक्ष्मदर्शकाखाली मोठाल्या, अस्ताव्यस्त पेशी दिसत होत्या, पण शस्त्रक्रिया चालू असताना नुसत्या डोळ्यांनी किंवा बोटांनी तो भाग क्वचितच ओळखू यायचा. गंमत अशी की त्याच वर्षी ऑक्टोबरात, लंडनमध्येच, जगातला पहिला रुग्ण सीटी यंत्रात गेला. दोघांचं वय सारखं, पण सीटीला हा दोष आजही सहसा दिसत नाही. उघड्या मेंदूवर हात ठेवणाऱ्या सर्जनला जे कळत नव्हतं ते क्ष-किरणांच्या करड्या छटांत कसं उमटणार?

म्हणून त्या रात्रीचा सीटी वाया गेला असं मात्र समजू नका. नऊ महिन्यांच्या बाळाला पहिली फिट आल्यावर डॉक्टरांना आधी एवढंच बघायचं होतं की आत रक्तस्राव नाही ना, सूज नाही ना. सीटी ते काही सेकंदांत सांगतो, भुलीची गरजही बहुधा पडत नाही. चुन्याचे साठे दाखवण्यातही तो पटाईत. ट्युबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातल्या गाठी किंवा गर्भात सायटोमेगॅलो विषाणूची लागण होऊन राहिलेले ठिपके त्यात छान दिसतात. तुमच्या लेकीच्या सीटीनं 'तातडीचं काही नाही' असं सांगितलं आणि ते खरं होतं. डिसप्लेजियाबद्दल त्यानं काहीच सांगितलेलं नाही.

तुमच्या पत्रात मी ज्या आकड्याखाली रेघ मारली तो आहे अकरा. अकराव्या महिन्यातला एमआरआय.

जन्माच्या वेळी मेंदूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण जवळपास नसतंच. ते पुढच्या दोनेक वर्षांत चढत जातं, आणि तसतसा पांढऱ्या भागाचा एमआरआयमधला रंग पालटतो. टी-टू नावाच्या चित्रात तान्ह्या बाळाचा पांढरा भाग सालीपेक्षा उजळ दिसतो, मोठ्या माणसात नेमका उलट. म्हणजे मध्ये कधीतरी दोन्ही रंग एकमेकांना ओलांडून जाणार. साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या काळात साल आणि आतला भाग यांच्या छटा इतक्या जवळ येतात की दोहोंमधली सीमा पुसट होते. डिसप्लेजिया ओळखायची मुख्य खूण कोणती, तर हीच सीमा एका जागी पुसट असणं! जिथे सगळीकडेच धुकं, तिथे एक धुकट जागा कशी शोधणार? सहा महिन्यांच्या आतल्या बाळात कधी कधी हा दोष उठून दिसतो, मधल्या काळात दडतो आणि दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून लहान वयात एमआरआय नॉर्मल आला आणि फिट्स थांबत नसल्या, तर मायलिन पुरतं चढल्यावर तो पुन्हा करतात. तुमचे डॉक्टर तेच करत आहेत. आईंना हे असं सांगा: तेव्हा कच्च्या मेंदूचा फोटो काढला होता, आता पिकलेल्याचा काढायचा आहे. त्यांना लगेच कळेल.

दुसरा मुद्दा कापांच्या जाडीचा. जुन्या रिपोर्टात किंवा सीडीवर 'स्लाइस थिकनेस' बघा. नेहमीच्या तपासणीत तो पाच मिलिमीटर असतो, वर दोन कापांमध्ये थोडी फट. मेंदूची साल स्वतःच दोन ते चार मिलिमीटर जाड. पाच मिलिमीटरच्या कापात तिचा तिरपा तुकडा शेजारच्या पांढऱ्या भागात मिसळला की खरी पुसट सीमा कोणती आणि कापामुळे आलेली कोणती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आंतरराष्ट्रीय एपिलेप्सी संघटनेच्या, म्हणजे इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सीच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये यासाठी 'हार्नेस' नावाचा ठराविक कार्यक्रम सुचवला: एक मिलिमीटरचे, मध्ये फट न ठेवता घेतलेले त्रिमितीय टी-वन आणि फ्लेअर (हेही टी-टूसारखे एमआरआय चित्रांचे प्रकार), शिवाय हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी जोडलेल्या भागाला, काटकोनात घेतलेले बारीक टी-टू काप. टी-वनमध्ये सालीची जाडी आणि वळ्यांचा आकार कळतो. फ्लेअरमध्ये बिघडलेली जागा उजळते, आणि नशीब असेल तर तिथून आत मेंदूच्या पोकळीकडे निमुळती होत गेलेली एक पांढरी शेपटी दिसते. तिला ट्रान्समँटल साइन म्हणतात. ती दिसली की मी खुर्चीत सरळ बसते, कारण टू-बी या प्रकारच्या डिसप्लेजियाची ती फार बोलकी खूण आहे.

३ टेस्ला चांगलाच. सिग्नल जास्त मिळतो, बारीक काप कमी वेळात होतात. पण ३ टेस्लावर पाच मिलिमीटरचे काप काढले तर ती महागडी चूक होईल, आणि १.५ वर एक मिलिमीटरचे नीट काढले तर त्याला हसू नये. अपॉइंटमेंट घेताना 'किती टेस्ला' याच्या आधी 'एपिलेप्सी प्रोटोकॉल आहे का' हे विचारा. तक्त्याच्या तळाशी तुम्ही ७ टेस्ला लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलंय. मोठ्या माणसांत काही वेळा ३ वर न दिसलेला दोष त्यावर दिसतो, हे खरं. पण २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं पहिल्या ७ टेस्ला यंत्राला परवानगी दिली, ती ३० किलोपेक्षा जास्त वजनाच्या रुग्णांपुरती. तुमची लेक त्यात बसत नाही. ते प्रश्नचिन्ह पुसून टाका.

आता तुमच्या तक्त्यात नसलेला रकाना: वाचणारा. जर्मनीतल्या बॉनच्या एपिलेप्सी केंद्राचा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेसाठी तपासणी चाललेल्या रुग्णांचे एमआरआय त्यात पाहिले होते. फिट्सना कारण ठरणाऱ्या सगळ्या प्रकारच्या जागा धरल्या होत्या, फक्त डिसप्लेजिया नव्हे. साधा एमआरआय आणि सर्वसाधारण रेडिओलॉजिस्ट असताना ३९ टक्के जागा सापडल्या. तोच साधा एमआरआय एपिलेप्सीतल्या जाणकारानं वाचला तेव्हा ५० टक्के. खास एपिलेप्सीसाठी काढलेला एमआरआय आणि वाचणाराही जाणकार, तेव्हा ९१ टक्के. यंत्रं तेव्हापासून बरीच सुधारली, पण हा धडा मला शिळा वाटत नाही.

मी स्वतः रेडिओलॉजिस्ट, आणि त्या ३९ टक्केच शोधणाऱ्यांतली आहे, म्हणजे होते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका शाळकरी मुलाचा एमआरआय माझ्याकडे आला. मागणीच्या चिठ्ठीवर एकच शब्द: 'फिट्स'. मी नॉर्मल लिहिलं. वर्षभरानं तीच फिल्म परत आली. या वेळी न्यूरॉलॉजिस्टनं सोबत पानभर लिहिलं होतं. फिट कशी सुरू होते, आधी कुठला अंगठा हलतो, ईईजी काय म्हणतो. मी त्या बाजूची ती विशिष्ट खाच शोधली आणि दोष तिथेच बसलेला होता, वर्षभर. नवा स्कॅन नाही, नवं यंत्र नाही. तो दिवस मी विसरलेले नाही, आणि तेव्हापासून कोरी चिठ्ठी आली की मी आधी फोन उचलते.

तेव्हा पुढच्या भुलीआधी एक काम करा. अकराव्या महिन्यातल्या एमआरआयची सीडी शोधा. कपाटात लावलेल्या फिल्म किंवा त्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो नकोत, मूळ सीडी हवी. ती एपिलेप्सीचं काम करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्या. त्या वयामुळे फार आशा मी दाखवत नाही, पण नव्या चित्राशी ताडून पाहायला ती लागेलच. आणि रात्री फिट येते तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढा, अंगावरचं पांघरूण बाजूला करून, हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. डावा हात ताठ, मान डावीकडे, ईईजी उजवीकडे पुढे. तुम्ही पत्रात लिहिलेल्या या एका ओळीनं मेंदूचा किती मोठा भाग शोधातून वगळता येतो, याची तुम्हाला कल्पना नसेल. नव्या एमआरआयच्या चिठ्ठीवर ही ओळ असलीच पाहिजे. डॉक्टर गडबडीत असतील तर तुम्हीच आठवण करा.

इंजेक्शनच्या डायबद्दल तुमच्या तक्त्यात शंका आहे. सालीची घडण बघायला हा डाय, म्हणजे गॅडोलिनियम, सहसा लागत नाही. काही दिसलं आणि ते डिसप्लेजिया आहे की छोटी गाठ असा पेच पडला, किंवा रक्तवाहिन्यांच्या आजाराची शंका आली, तरच देतात. न मागता कोणी देत असेल तर कशासाठी, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

मेव्हण्यांचा पेट. पेट हा एमआरआयचा थोरला भाऊ नाही, त्याचं कामच वेगळं. एमआरआय मेंदू कसा घडला आहे ते दाखवतो, पेट मेंदू साखर कशी खातो ते. किरणोत्सारी खूण लावलेलं ग्लुकोज शिरेतून देतात. जिथून फिट्स निघतात तो भाग, दोन फिट्सच्या मधल्या काळात, बहुधा कमी साखर खातो आणि चित्रात मंद दिसतो. अडचण अशी की मंद दिसणारा भाग खऱ्या दोषापेक्षा बराच मोठा असतो. पेट गाव सांगतो, घर नंबर सांगत नाही. म्हणून तो एमआरआयवर बसवून, एकावर एक ठेवून बघतात, आणि कित्येकदा पेटनं दाखवलेल्या गावात पुन्हा जाऊन एमआरआय वाचला की आधी हुकलेली खाच सापडते. या जोडीत त्याची किंमत मोठी आहे. एकट्यानं, पहिल्याच पावलाला केला तर तुमच्या हाती एक मोठा निळा डाग येईल आणि पुढे काय, हा प्रश्न तसाच राहील.

पेट ठरलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा. इंजेक्शननंतर अर्धा-पाऊण तास मूल शांत, अंधाऱ्या खोलीत राहावं लागतं, कारण तेवढ्या वेळात मेंदूनं जे खाल्लं त्याचंच चित्र निघतं. त्या वेळात फिट आली तर चित्र उलटतं, मंद दिसायची जागा पेटून उठते. तुमच्या मुलीला झोपेत फिट येते, म्हणून त्या वेळी ईईजी लावून ठेवणार का, हे आधीच विचारा. किरणांची भीती योग्य तेवढीच बाळगा. खूण म्हणून वापरलेलं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, दुसऱ्या दिवशी नावालाही उरत नाही. विनाकारण करू नये, कारण असेल तर टाळू नये. एमआरआय आणि पेट एकाच भुलीत जमतात का, हेही विचारून बघा. आईंचा निम्मा विरोध तिथेच मावळेल.

स्पेक्ट आणि एमईजी आत्ता तुमच्या दारात उभे नाहीत. स्पेक्टमध्ये फिट सुरू होताच काही सेकंदांत इंजेक्शन द्यावं लागतं. ते रक्तासोबत मेंदूत जाऊन तिथेच चिकटतं आणि नंतर सवडीनं काढलेल्या चित्रातही 'त्या क्षणी रक्त कुठे धावलं' ते दिसतं. तुमच्या लेकीची फिट मिनिटभराची, तीही झोपेत. नर्स सुई घेऊन उशाशी बसलेली असेल तरी उशीर होऊ शकतो, आणि उशिरा दिलेलं इंजेक्शन फिट पसरून पोचली ती जागा दाखवतं, उगम दाखवत नाही. एमईजी पेशींच्या विजेमुळे तयार होणारं अतिशय सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजतो. किरणं नाहीत, सुई नाही, पण घडण दिसत नाही आणि यंत्रं फार थोड्या ठिकाणी आहेत. नवा एमआरआयही कोरा आला, किंवा एमआरआय एक सांगतोय आणि ईईजी दुसरंच, तर या दोघांची पाळी येते. तसा कोरा आला तरी डिसप्लेजिया नाहीच, असं ठरत नाही. काही प्रकार, विशेषतः टाइप वन, एमआरआयवर दिसतच नाहीत आणि शस्त्रक्रियेनंतर सूक्ष्मदर्शकाखालीच कळतात.

उलटही होतं. काहीतरी सापडतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात, पण फिट तिथून निघतच नसते. मेंदूत दोन-तीन ठिकाणी हेटेरोटोपिया असणाऱ्यांत हे पाहिलंय. दिसलेली जागा, ईईजी आणि तुमचा तो व्हिडिओ, तिन्ही एकच बोट दाखवत असतील तर खरं. हल्ली संगणकाच्या प्रणाली चित्रातली संशयित जागा रंगवून देतात. चांगली मदत होते, पण त्या भलतीकडेही रंग लावतात. रंग बघून घाबरायचं नाही.

दोन औषधं योग्य निवडून, पुरेशा डोसात देऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर त्याला औषधांना न जुमानणारी एपिलेप्सी म्हणतात. तुम्ही त्या उंबऱ्यावर आहात. म्हणून हा शोध आत्ता, शाळेची वर्षं सुरू व्हायच्या आधी घ्यायचा, आणि शक्यतो जिथे शस्त्रक्रियेचा विचार करणारा चमू आहे तिथे. त्यांच्याकडे गेलात म्हणजे शस्त्रक्रिया ठरली असं मुळीच नाही.

आता बाळाचं. लिसेनसेफलीसारखे मोठे दोष गर्भाच्या सोनोग्राफीत संशयास्पद वाटू शकतात, आणि मग एमआरआयनं खात्री करतात. पण वळ्या मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत पडतात. पाचव्या महिन्यात मेंदू मुळातच गुळगुळीत असतो, त्यामुळे आत्ताच्या सोनोग्राफीतून 'वळ्या ठीक आहेत' असं कोणी सांगितलं तर त्याला फार अर्थ नाही. संशय असेल तर गर्भाचा एमआरआय नंतर, तिसाव्या आठवड्याच्या आसपास, जास्त बोलतो. छोटा फोकल डिसप्लेजिया मात्र जन्माआधी सहसा कशातच दिसत नाही. दिलासा असा की तो बऱ्याचदा गर्भात त्या एका जागेच्या पेशींत झालेल्या जनुकीय बदलामुळे होतो, आई-बापांकडून आलेला नसतो. बऱ्याचदा म्हणतेय, नेहमी नाही. डीईपीडीसी-५ सारख्या काही जनुकांतला बदल घराण्यात चालत येऊ शकतो. तेव्हा तुमच्या दोघांच्या घरी कोणाला फिट्स येत होत्या का, हे विचारून ठेवा आणि एकदा जनुकीय सल्लागाराला भेटा. पत्नीला एवढं सांगा की त्यांनी गरोदरपणात काही चुकीचं खाल्लं-प्यायलं म्हणून हे झालेलं नाही. पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण हा प्रश्न प्रत्येक घरात कोणीतरी मनात धरून बसलेलं असतं.

ता. क. एमआरआयच्या दिवशी उपाशी ठेवायला सांगतील. उपास म्हणजे फिटची सकाळची गोळी चुकवायची, असा अर्थ काढू नका. बहुतेक वेळा घोटभर पाण्यासोबत ती द्यायलाच सांगतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आदल्या दिवशी फोन करून नक्की करा, आणि ते सांगतील ते फ्रीजवर कागद लावून लिहून ठेवा, कारण पहाटे पाचला कोणालाच काही आठवत नाही.